भुताचं मागणं

आमच्याकडची भुतं फार थोडं मागतात. चिमूटभर तंबाखू, नखावर मावेल एवढा चुना, नाहीतर विडी पेटवायला काडी. रात्री पांदणीत कुणीतरी भेटतं, ‘तंबाखू हाय का?’ म्हणतं. देणारा कनवटीची पुडी सोडतो, देता देता त्याची नजर खाली जाते आणि समोरच्याची पावलं उलटी दिसतात. वऱ्हाडात वाढलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट ऐकलेली असते. हिवरखेडात ती वारी हनुमानाच्या वाटेवर घडते, अडगावची माणसं ती आपल्या नाल्यावर घडली म्हणून सांगतात, आणि अकोटकडे गेलात तर तिसरीच जागा दाखवतात. भूत एकच, शीव मात्र ज्या त्या गावची.

तेल्हारा तालुक्यातलं आमचं हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन. गावाभोवती कपाशी, हरभरा, संत्री, आणि बारी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेले पानमळे, पानपिंपरीचे मळे. शेतीची वीज बरेचदा रात्री येते म्हणून ओलीत रात्री, रोही आणि रानडुकरं हरभऱ्यात घुसतात म्हणून जागलही रात्री. भुताच्या गोष्टींसाठी वेगळी बैठक जमवावी लागली नाही. दांडातलं पाणी एका सरीच्या टोकाला पोचेपर्यंत शेकोटीजवळ बसून करायचं तरी काय?

आम्हाला या गोष्टी मोठेबाबा सांगत, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या सांगण्याची एक रीत होती, ती मला पुढे पुस्तकांत फारशी सापडली नाही. भूत कसं दिसत होतं हे ते कधी सांगत नसत. लाल डोळे, लांब दात, मोकळे केस, असलं काही नाही. ते सांगत धुरा कुणाचा होता, त्या साली त्या वावरात काय पेरलं होतं, सालदार कोण होता, जोडीतला कोणता बैल बुजरा होता. अशी आठ-दहा वाक्यं गेली की ऐकणारा त्या वावरात उभा राही. मग भुतानं नुसतं खाकरलं तरी पुरे. भीती चेहऱ्यात नव्हती, पत्त्यात होती. सकाळी त्याच वाटेनं शाळेत जायचं आहे हे ऐकणाऱ्या पोराला ठाऊक असे.

गोष्टीचा शेवटही ठरलेला. तंबाखू देणारा घरी येऊन तापानं फणफणे आणि चार दिवसांत बरा होई. ‘नाही’ म्हणणारा चकव्यात सापडे, पहाटेपर्यंत हिंडून पुन्हा त्याच बाभळीशी येई. आणि ‘ये बाप्पा, बस, भाकर खाय’ म्हणणारा एखादा निघालाच, तर त्याला काहीच होत नसे. मोठेबाबांच्या गोष्टींत असा एक सालदार होता. त्यानं अर्धी भाकर आणि ठेचा पुढे केला, समोरच्यानं मुकाट्यानं खाल्ला, आणि सालदाराला डुलकी लागली. सकाळी पाहतो तर सगळं वावर भिजलेलं. भुतानं रात्रभर दांड फोडून दिले होते. आम्हा पोरांना ही गोष्ट अगदी फिकी वाटायची. भीती कुठे आहे यात? मोठेबाबांना मात्र ती सर्वांत आवडायची, आणि ती सांगताना ते स्वतःच हसायचे.

आमच्या भुतांना इतकी भूक कुठून आली? मला वाटतं तिचा माग सन-सालासकट काढता येतो. १८६० च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला तेव्हा, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पुढे चाळीस वर्षांच्या आत, १८९९-१९०० च्या दुष्काळात, त्याच सधन मुलखातली माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. पैसा देणारं पीक पोटात घालता येत नाही, हे तेव्हा कळलं. मग १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, म्हाताऱ्यांच्या तोंडी मानमोडी. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली, आणि सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. घरंच्या घरं ओस पडली. पिंड ठेवायला आणि कावळ्याची वाट पाहायला कुठे कुठे माणूसच उरला नसेल. अशा मुलखात पुढच्या दोन पिढ्यांना रात्रीच्या वाटेवर कुणीतरी काहीबाही मागत भेटत राहिलं, याचं मला नवल वाटत नाही.

‘तुंबाड’ हा चित्रपट नेमका १९१८ साली सुरू होतो. मानमोडीचा त्यात उल्लेख नाही, पण भूक पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला, त्या वेळी बेताचाच चालला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेहून जास्त गल्ला करून गेला. मी तो या दुसऱ्या खेपेला पाहिला, अकोल्यात शिकणाऱ्या पुतण्याबरोबर. भोवती सगळी त्याच्या वयाची पोरं. एरवी चित्रपटगृहात जी शिट्ट्या-टवाळी चालते ती पहिल्या पंधरा मिनिटांत थांबली. पडद्यावरच्या साखळदंडांतल्या आजीला खाऊ घालायची वेळ येते तिथे तर पुतण्यानं हातातला मक्याच्या लाह्यांचा डबा खाली ठेवून दिला.

गोष्ट कोकणातल्या, सदा पावसात भिजणाऱ्या गावाची. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. ही देवता कुठल्या पुराणात नाही, चित्रपटासाठी घडवलेली आहे. हस्तरनं आईचं सगळं सोनं घेतलं, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, अट एवढीच की त्याची पूजा कधी होणार नाही. तेव्हापासून तो तिच्या गर्भात सोन्यासकट आणि उपाशी पडून आहे. विनायकराव, म्हणजे सोहम शाह, त्या सोन्यामागे लागलेला. कणकेची बाहुली घेऊन तो विहिरीतून त्या गर्भात उतरतो. भोवती पिठाचं रिंगण घालतो, हस्तर ते ओलांडू शकत नाही. हस्तर बाहुलीवर झडप घालतो, आणि तो खाण्यात गुंतला असताना त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढून घ्यायच्या आणि दोरावरून पळायचं. पुण्याला परत गेल्यावर त्या मोहरा सावकाराकडे मोडायच्या. संपल्या की पुन्हा तुंबाड.

चित्रपट म्हणून तो किती चांगला आहे याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातला समीक्षकांचा विभाग याच चित्रपटानं उघडला होता. त्यातला पाऊस खरा आहे, त्यासाठी चित्रीकरण एकामागून एक पावसाळे चालू राहिलं. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यानं तो पाऊस असा टिपलाय की आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला पडदा पाहताना अंगावर शेवाळ चढल्यासारखं वाटावं. सासवडच्या पुरंदरे वाड्याच्या भिंती तर काही न करता नुसत्या उभ्या राहून घाबरवतात. मला खटकलं ते एकच. शेंडी-सोवळ्याच्या त्या मराठी घरातली आजी हिंदीतून बोलते. भूत आपल्या घरातलं असेल तर त्यानं आपल्या बोलीत मागावं, एवढी माझी अपेक्षा. हिंदी चित्रपटाचा बाजार मोठा, हे मला कळतं. तरी खटकलंच.

घरी आल्यावर पुतण्यानं सगळी गोष्ट मोठेबाबांना सांगितली. आता त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा ओट्यावर बसून ओरडून सांगितली. शेजारच्या दोन घरांनीही ऐकली. मोठेबाबांनी मध्ये कुठेच काही विचारलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाले, “त्याले पोटभर जेवू कायले नाही घातलं रे?”

पुतण्या हसला. म्हणाला, “आबा, मंग पिच्चर कसा झाला असता?” त्याच्या परीनं त्यानं बरोबर उत्तर दिलं. मी मात्र तो प्रश्न बरेच दिवस डोक्यात घेऊन हिंडलो.

हस्तरला पोटभर जेवू घातलं तर तो लंगोटी सोडून धावणार नाही, मोहरा सांडणार नाहीत, विनायकरावाचा धंदा बुडेल. त्याला हवा आहे तो उपाशी हस्तर. म्हणून एक बाहुली, पिठाची, तीही आमिष म्हणून. दुसऱ्याची भूक जिवंत ठेवून तिच्यावर आपली तिजोरी भरायची, हा व्यवहार आम्हाला वऱ्हाडात पाहायला विहिरीत उतरावं लागत नाही. कपाशीचा पेरा करताना बियाण्याला, खताला उधार द्यायचं, पण इतकं कधी द्यायचं नाही की पुढच्या साली माणूस दारात यायचा थांबेल. सावकारी याच बेतानं चालत आली आहे. विनायकराव तसा नवा माणूस नाही. नवी आहे ती कल्पना, की देवालाही असाच कर्जात अडकवता येतो.

चित्रपटात सरळ सौदा एकच होतो, आणि तो राक्षशीण झालेल्या आजीशी. हस्तरच्या तडाख्यात सापडून ती अमर झालेली. पहिल्या भागात ती साखळदंडांत, खाऊ घातलं तरच झोपणारी. मोठा झालेला विनायक परत येतो तेव्हा तिच्या शरीरातून झाड उगवलेलं, आणि तरी ती जिवंत. ती त्याला सोन्याचं गुपित सांगते, बदल्यात मागते मरण. तो तिला जाळतो. आमच्या पांदणीतल्या भुतासारखीच तीही थोडंच मागते, जे माणसाला सहज देता येईल असं. उलट विनायकाचा मुलगा पांडुरंग, लहान वयातच बापापेक्षा पुढे गेलेला, सुचवतो की एक बाहुली कशाला, पुष्कळ नेऊ, आणि सगळी लंगोटीच पळवू. खाली उतरल्यावर जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. आजी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलानं केल्या आहेत, हे मला नंतर कळलं. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण पणजीचं तोंड पणतूला द्यावं याहून नेमकं वंशवर्णन मला सुचलं नसतं.

ही गोष्ट तुंबाडपर्यंत पोचली कशी, हेही सांगण्यासारखं आहे. तिची वाट विदर्भातून गेलेली आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात मुक्काम असताना एका मित्रानं राही बर्वे यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती मनात बसली. पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये लिहिला, विशीही गाठलेली नसताना. लेखणी घरातलीच होती म्हणा. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणारे अनिल बर्वे हे त्यांचे वडील. धारपांची ती कथा ‘आजी’. आणि धारपांना ती सुचली अमेरिकी लेखक स्टीफन किंग यांच्या एका कथेवरून. तिथेही घरात आजारी, अजस्र आजी आहे, आणि एकटा राहिलेला मुलगा. चित्रपटाचं नाव आलं तिसरीकडूनच, श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यात आली, पुण्याहून भंडारा-गोंदियाच्या जंगलात तोंडी पोचली, आणि शेवटी कोकणच्या पावसात भिजत उभी राहिली.

धारप आमच्या पिढीनं कसे वाचले हे नव्या वाचकांना सांगायला हवं. गावातल्या वाचनालयात त्यांची पुस्तकं कधी कपाटात नसायचीच, कुणाच्या तरी घरी असायची. पुठ्ठा गेलेला, पानांना चहाचे डाग, आणि शेवटची दोन पानं हमखास गायब. त्यामुळे धारपांच्या कथांतले ‘समर्थ’ शेवटी अमानवी शक्तीचा बंदोबस्त कसा करतात हे आम्ही आपापसांत ठरवत असू, आणि दर वेळी वेगळं ठरवत असू. धारपांची भीती मोठेबाबांच्या भीतीहून निराळी होती. ती शहरी, बंद खोलीतली, विजेचा दिवा असूनही वाटणारी. ‘लुचाई’ किंगच्या कादंबरीवरून घेतलेली आहे हे पुष्कळ नंतर समजलं, तेव्हा काहींना फसवल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. उसनं बियाणं आणून आपल्या मातीत पेरणाऱ्याला आम्ही कधी चोर म्हटलेलं नाही. पीक उभं राहिलं की नाही, एवढं पाहायचं. आणि त्याच १९९३ मध्ये महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ आला होता, तोही अमेरिकी बाहुल्यावरून उसना. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू मराठी शिव्या देऊ लागला आणि महाराष्ट्राच्या गावोगाव घरचाच झाला. पण त्याला भूक नव्हती. त्याला हवं होतं माणसाचं शरीर, आणि आम्ही हसत होतो. हसू आलं की भूत हरतं.

गोष्ट तोंडोतोंडी फिरायला हवी, नाहीतर तिच्यात अडकलेल्याची सुटका नाही, हे आपल्या जुन्या कथाकारांना पक्कं ठाऊक होतं. कथासरित्सागराची सुरुवातच तशी आहे. शापानं पिशाच झालेला काणभूती विंध्याच्या रानात बसून आहे. त्याला अन्न नको, सोनं नको. त्याला ऐकलेली कथा पुढे सांगायला एक माणूस हवा आहे. पैठणच्या सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य तिथे येतो, पिशाचांच्या भाषेत ती ऐकतो, आणि काणभूती सुटतो. इतकं स्वस्त मागणं! विंध्य आमच्या सातपुड्यापलीकडे, नर्मदा ओलांडली की. जागलीवरच्या एखाद्या म्हाताऱ्यानं हे ऐकलं तर तो म्हणेल, मग यात विशेष काय.

चीनमध्येही एका माणसानं अशा गोष्टी आयुष्यभर गोळा केल्या. पू सोंगलिंग, जन्म १६४०, मृत्यू १७१५, शानतुंग प्रांतातला. सरकारी परीक्षांत पुन्हा पुन्हा नापास होत, दुसऱ्यांची पोरं शिकवत त्यानं जवळपास पाचशे कथा लिहिल्या. रस्त्याच्या कडेला चहा मांडून बसायचा आणि वाटसरूंना चहाच्या बदल्यात गोष्ट मागायचा, अशी त्याच्याबद्दलची दंतकथा. पुस्तक छापलं गेलं तो गेल्यावर, १७६६ मध्ये. त्यातल्या कथांवर निघालेल्या चित्रपटांची गणती करणं कठीण. एक कथा आहे निए शियाओछिएन नावाच्या भुतणीची. ती माणसाकडे मागते एवढंच, की माझी हाडं इथून उचलून चांगल्या जागी पुर. तो पुरतो, आणि तिची सुटका होते. १९८७ च्या हाँगकाँगी चित्रपटात याच गोष्टीला लांबलचक जीभ असलेली झाडाची चेटकीण आणि हवेतली तलवारबाजी मिळाली, पण हाडं उचलून नेण्याचं मागणं त्यांनी सोडलं नाही. म्हणूनच तो चित्रपट टिकला असं मला वाटतं.

दुसरी कथा ‘रंगवलेली कातडी’. वांग नावाच्या माणसाला पहाटे वाटेत एकटी मुलगी भेटते, आसरा मागते. बायको घरात असताना तो तिला अभ्यासिकेत लपवून ठेवतो. एके दिवशी खिडकीतून पाहतो तर आत हिरव्या तोंडाचा, करवतीसारख्या दातांचा राक्षस पलंगावर माणसाची कातडी पसरून तिला कुंचल्यानं रंग देतोय; रंगवून झाली की अंगरख्यासारखी झटकून चढवतो, आणि मुलगी होतो. पुढे ती वांगचं काळीज काढून नेते. एक ताओपंथी साधू राक्षसाला मारतो, पण मेलेल्याला उठवणं त्याच्या हाती नाही. तो वांगच्या बायकोला बाजारात लोळणाऱ्या एका घाणेरड्या वेड्या भिकाऱ्याकडे पाठवतो. भिकारी तिला काठीनं मारतो, लोकांसमोर तिची थट्टा करतो, आणि स्वतःची थुंकी तिला गिळायला लावतो. ती गिळते. घरी येऊन नवऱ्याच्या उघड्या छातीवर रडताना तिला उमासा येतो, आणि तोंडातून पडतं ते धडधडणारं काळीज.

या कथेवर १९६६ मध्ये चित्रपट झाला, १९९३ मध्ये किंग हू यांनी आपला अखेरचा चित्रपट केला, आणि २००८ मध्ये गॉर्डन चॅन यांनी केलेला सर्वांत गाजला. त्यात राक्षसाची झाली कोल्हीण. चीनच्या मुख्य भूमीवर पडद्यावरच्या भुताखेतांकडे सेन्सॉर वाकड्या नजरेनं पाहतो. जुन्या कथांतल्या मायावी प्राण्यांना त्यामानानं वाट मिळते. झोउ शून या नटीनं केलेली ही कोल्हीण तरुण राहण्यासाठी माणसांची काळजं खाते, पण तिला हवी आहे ती वांगच्या बायकोची जागा. शेवटी ती प्रेमापोटी आपलं सगळं बळ देऊन मेलेल्यांना उठवते. चित्रपट देखणा आहे, वाळवंटातल्या घोडदौडी तर विशेष. पण बाजारातला भिकारी गेला. आणि त्याच्याबरोबर ती बायको गेली जिनं भर बाजारात थुंकी गिळली. पडद्यावरची बायको नवऱ्यासाठी विष पिते, ते उदात्त दिसतं. पू सोंगलिंगनं तिला उदात्त दिसू दिलं नव्हतं. मेलेला नवरा परत हवा तर त्याच्या लंपटपणाची किंमत तुझ्या तोंडानं मोजावी लागेल, असं ते होतं, आणि त्या कथेतली खरी भीती मला तिथे लागली, कातडी रंगवणाऱ्या राक्षसापाशी नव्हे.

भूत बहुतेक वेळा बाई का असते, हा प्रश्न आता टाळता येत नाही. आजी, कातडी पांघरलेली मुलगी, आमच्याकडची हडळ. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा इच्छा अपुरी राहून गेलेली बाई, हे लहानपणी परवचा पाठ असावा तसं पाठ होतं. बाळंतपणात बायका इतक्या का मरत, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मेळघाटात १९९३ मध्ये कुपोषणानं मुलं मेल्याच्या बातम्या देशभर गेल्या, आणि तो मेळघाट आमच्या गावातून दिसतो. जिवंत बाईच्या अंगात ‘काही’ आलं म्हणून तिला बांधणं, मिरचीची धुरी देणं हेही इकडे घडत आलेलं आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारे असले छळ नावानिशी घातलेत, ते उगीच नाही. त्याच्या कितीतरी आधी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून विचारून नवस, बळी आणि भूतखेतांची टर उडवत. त्यांच्या दशसूत्रीतलं पहिलं कलम मात्र भुकेल्याला अन्न हे आहे. भूत मानू नका आणि भुकेलेला दिसला तर आधी जेवू घाला. मोठेबाबांनी गाडगेबाबांचं कीर्तन लहानपणी ऐकलेलं. भुताच्या गोष्टी त्यांनी तरीही सोडल्या नाहीत, पण आता मला वाटतं, भाकर खाणाऱ्या भुताची गोष्ट त्यांना का आवडायची हे त्या कीर्तनाशिवाय सांगता येणार नाही.

चिनी कातडीची गोष्ट मी घरात सांगितली तेव्हा मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, शेंगा फोडत होती. मोठेबाबांना थुंकीतून काळीज निघालं याचं काही वाटलं नाही. साधूच्या हातून काहीही होतं. मोठी आई मात्र म्हणाली, “नवरा उठला बाप्पा. पन तिच्या तोंडाची चव गेली का, थे इचारलं का कोनी?”

मग ती आपणहून बोलायला लागली. आमच्या वावराशेजारच्या विहिरीवर हडळ आहे असं मी पोरपणापासून ऐकत आलो. मोठी आई भुताच्या गोष्टी कधी सांगत नसे, ऐकायलाही बसत नसे. आम्ही समजायचो ती भिते. ती म्हणाली, ती हडळबिडळ काही नव्हती, त्या वावरवाल्यांची सून होती, माझ्याबरोबर पाण्याला यायची. ऐन पावसाळ्यात दिवस भरले, नाल्याला पूर, बंडी अलीकडेच अडकली. लेकरू झालं आणि ती गेली. “भूत पोट्ट्यांनी केलं तिचं. आमी नाही केलं.” आखाजीला घरच्या पितरांची पानं वाढते तेव्हा एक पान ती त्या सुनेच्या नावानं वाढते, इतकी वर्षं, आणि घरात कुणी कधी विचारलं नाही ते कुणाचं. तिला काय आवडायचं हे तिला अजून आठवतं: गूळ घातलेली शेवई आणि वर तुपाची धार.

ते लेकरू वाचलं. आता साठीच्या घरात आलेला माणूस आहे, गावातच असतो, आणि मोठेबाबा थकल्यापासून जागलीवर त्याच्याइतकी रंगवून गोष्ट सांगणारा कुणी नाही. तंबाखूवाला, चकवा, पिंपळावरचा मुंजा, सगळं येतं त्याला, धुऱ्या-बांधासकट. माझा पुतण्या त्याच्या गोष्टी हल्ली मोबाइलवर भरून घेतो. विहिरीवरच्या हडळीचं विचारलं तर तो म्हणतो, ती काही खरी गोष्ट नाही, आणि पुढची सांगायला घेतो.